विंचवाचें बिऱ्हाड

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे बहुधा थट्टेनेंच वापरली जाते. बदलीच्या नोकरींतला कारकून, गांवोगांव तंबू ठोकणारी नाटकमंडळी, दर दोन वर्षांनीं भाड्याची जागा बदलणारा शाळामास्तर, यांच्या संसाराला ती चपखल लागू पडते. तिच्यांत थोडी कीव असते आणि थोडा उपहासही असतो. पण ज्यांचें स्वतःचें चांगलें घर आहे, घरामागें अंगण आहे, अंगणांत सावलीचें झाड आहे, त्यांनींच हौसेनें बिऱ्हाड पाठीवर घ्यावें आणि पुढें त्या बिऱ्हाडाच्या भिंती कुजल्या म्हणून मनाला लावून घ्यावें, हें कांहीं त्या म्हणीच्या कर्त्याला सुचलें नसतें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी माझ्या थोरल्या भावाकडे अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत, सात आठवडे राहिलों. आणि ते सातही आठवडे असल्याच एका बिऱ्हाडाच्या भिंती आणि जमीन यांचा विचार करण्यांत गेले. तेवढ्या अवधींत एकही फळी कापली गेली नाहीं कीं एकही खिळा ठोकला गेला नाहीं. झाला तो केवळ बेत. पण बेत ही किती गंभीर गोष्ट असूं शकते, हें मला त्या निमित्तानें उमगलें.

हौसेसाठीं घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना तशी फार जुनी नाहीं. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका इंग्रज-समाजांत वावरणाऱ्या डॉक्टर-लेखकानें १८८५ सालीं ब्रिस्टलच्या एका गाडीकारखान्याकडून 'वाँडरर' नांवाचें चाकांवरचें घर बांधून घेतलें आणि घोडे जुंपून तो त्यांतून देश पाहत हिंडला. पोटासाठीं भटकणाऱ्या जिप्सींचें बिऱ्हाड सुखवस्तु माणसानें करमणुकीसाठीं उचललें, त्याचें हें ठळक उदाहरण. अमेरिकेंत मोटार सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली तेव्हां तिच्यामागोमाग हें घरही आलें. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहरीं अशा प्रवाशांनीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचा आपला संघच काढला. १९३४ सालीं हॉली बोलस या ग्लायडर-विमानें बांधणाऱ्या गृहस्थानें विमानासारखींच रिव्हेट मारलेलीं अ‍ॅल्युमिनियमचीं घरें बनविलीं, आणि १९३६ मध्यें वॉली बायमनें त्याच वळणाचें 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारांत आणलें. दुसरें महायुद्ध संपलें, १९५६ च्या कायद्यानें देशभर रुंद महामार्ग बांधावयास घेतले गेले, आणि सुटींत कुटुंबासह घराबाहेर पडणें ही मध्यमवर्गाची रीत होऊन बसली. स्टाइनबेकसारखा नामांकित कादंबरीकारही १९६० सालीं ट्रकच्या पाठीवर घरकुल बसवून आपलाच देश पुन्हा पाहावयास निघाला. त्या वाहनाला त्यानें डॉन क्विक्झोटच्या घोड्याचें नांव दिलें होतें.

एअरस्ट्रीमचा थाट श्रीमंती. साध्या गृहस्थासाठीं जे ट्रेलर निघाले त्यांची रचना अगदीं गरिबीची होती. खालीं लोखंडी सांगाडा, त्यावर लांकडी जमीन, तिच्या कडांना टेकून उभ्या केलेल्या लांकडी पट्ट्यांच्या भिंती, आंतून पातळ प्लायवूड, बाहेरून त्याहूनही पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि मधल्या बोटभर पोकळींत थोडी काचलोकर. दादाचें घरकुल या जातीचें, १९६३ सालचें. त्यानें तें १९९४ मध्यें एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून जुनें म्हणूनच विकत घेतलें. जोडदांड्यासकट लांबी सोळा फूट, रुंदी सात फुटांच्या आंत, आंतली उंची सव्वासहा फूट. त्या देशांतले लोक या आकाराला डुकराच्या मांसाच्या डब्याची उपमा देतात. मला मात्र तें देवळाच्या सभामंडपांतल्या दगडी कांसवासारखें दिसलें.

या कांसवाच्या पोटांत दादानें आणि वहिनींनीं बारा-तेरा उन्हाळे काढले. १९५७ सालीं खुला झालेला मॅकिनॉ सामुद्रधुनीवरचा पांच मैलांचा पूल ओलांडून तीं दोघें दरसाल सुपीरियर सरोवराच्या कांठीं जात. पुढें मुलांचीं शिक्षणें आलीं, दादाचे गुडघे कुरकुरूं लागले, आणि घरामागच्या मेपलखालीं उभें केलेलें घरकुल पंधरा-सोळा वर्षें जागचें हललें नाहीं. तीन वर्षांपूर्वीं वहिनी गेल्या. त्यानंतर दादा नोकरींतून निवृत्त झाला. मी जाण्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं त्यानें त्यावरची ताडपत्री ओढून काढली होती.

पाहिलें तें सुखावह नव्हतें. पलंगाच्या मागच्या कोपऱ्यांत प्लायवूडवर काळसर नकाशे उमटले होते, आणि पेचकसाचें टोक लावतांच तें लोण्यांत सुरी शिरावी तसें आंत गेलें. जमीन मागच्या बाजूला पायाखालीं दबत होती. पण पाण्याची चाल मोठी फसवी. जेथें डाग दिसतो तेथें तें शिरलेलें नसतें. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथें मिळतात त्या कडेला बसविलेल्या पट्टीखालचें लुकण साठ वर्षांत वाळून दगड झालेलें असतें. हिंवाळ्यांत फटींतलें पाणी गोठून फुगतें आणि फट थोडी अधिक रुंदावतें. मग पावसाचा थेंब तेथून शिरतो, भिंतीच्या पोकळींतून उतरतो, काचलोकरींत मुरतो, आणि शेवटीं भिंत जेथें जमिनीवर टेकते त्या सांध्यांत जाऊन बसतो. त्यामुळें भिंत वरून भिजते आणि खालून कुजते. दोष छताचा असतो. शिक्षा जमिनीला होते.

सल्ला देणारे पुष्कळ होते. शेजारच्या गृहस्थांचें मत असें कीं, लोखंडी सांगाड्यापर्यंत सारें उखडून टाकावें आणि त्यावर मनासारखें नवें बांधावें. दुसऱ्या शहरांत राहणारा माझा पुतण्या दूरध्वनीवर मला म्हणाला, "काका, बाबांना तुम्हीच समजवा. एवढ्या खर्चांत नवा ट्रेलर येईल." दोघांचेंही म्हणणें हिशेबाला धरूनच होतें. पण आपल्या भाषेंत जीर्णोद्धार म्हणून एक फार सुंदर शब्द आहे. जें जीर्ण झालें त्याचाच उद्धार करावयाचा असतो. त्याच्या जागीं दुसरें कांहीं आणून बसविलें तर तें बांधकाम होईल, जीर्णोद्धार होणार नाहीं. दादानें त्या दोघांनाही उत्तर दिलें नाहीं. त्यानें चौकटीच्या कागदांचें एक जाडें पुस्तक आणलें, माझ्यापुढें ठेवलें आणि म्हणाला, "मी मापं सांगतों. तूं लिही."

मी आयुष्यभर इंग्रजी शिकविलें. करवत आणि रंधा यांच्याशीं माझा संबंध केवळ दुरून. पण दोन-चार दिवसांतच माझ्या ध्यानांत आलें कीं, हें काम मला अगदींच परकें नाहीं. हे ट्रेलर कारखान्यांत आंतून बाहेर असे बांधले जात. आधीं जमीन, मग कपाटें आणि आंतल्या भिंती, मग पोकळींतल्या विजेच्या तारा आणि काचलोकर, आणि सर्वांत शेवटीं पत्र्याचा अंगरखा. म्हणून ते सोडवावयाचे ते बाहेरून आंत. आंतलें कुजलेलें प्लायवूड बदलावयाचें तरी आधीं बाहेरचा पत्रा उतरवावा लागतो. शिवाय आंतलीं कपाटें हीं नुसतीं सामानाचीं कपाटें नसतात. भिंतींच्या पट्ट्या इतक्या नाजूक कीं कपाटांनीं आणि आडव्या पडद्यांनीं त्या एकमेकींना धरून ठेविलेल्या असतात. उत्साहाच्या भरांत सारें सामान आधींच उपटून काढलें, तर वरचें कवच तिरकें होतें, दार आपल्या चौकटींत बसत नाहीं, आणि मूळचें माप कोणतें हें मग ब्रह्मदेवालाही सांगतां येत नाहीं.

कुजलेलें लांकूड म्हणजे टाकाऊ, अशी आपली सहज समजूत असते. पण त्या घरकुलाचा नकाशा आमच्यापाशीं नव्हता; त्याची पाठ कोणत्या गोलाईनें वळते, खिडकीची कड कोठें सुरू होते, चाकावरची कमान किती इंचांची, हें सारें त्या कुजक्या पट्ट्यांवांचून दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतें. म्हणून बेत असा ठरला: प्रथम कांहींही फेकावयाचें नाहीं. डाव्या बाजूचा पत्रा उतरवावयाचा, भिंत जशी असेल तशी सोडवून सपाट मेजावर आडवी ठेवावयाची, आणि तिच्यावर नवें लांकूड ठेवून आकार उतरून घ्यावयाचा. नव्या भिंतीचा पहिला गुरु जुनी भिंत. काम पुरें होईपर्यंत ती जाळावयाची नाहीं.

पुण्यांत राहणाऱ्या माणसाला या ठिकाणीं भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण व्हावी हें साहजिक आहे. १९१९ सालीं हातीं घेतलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. निरनिराळ्या प्रांतांतल्या जीर्ण पोथ्या समोरासमोर ठेवून, एकींत गळलेलें दुसरींत शोधून, त्यांनीं पाठ निश्चित केला. आमच्यापाशीं दोनच पोथ्या होत्या: डावी भिंत आणि उजवी भिंत. उजवीचा मागचा खालचा कोपरा भुसा झाला होता. डावीचा शाबूत होता. तेव्हां डावीवरून माप घेऊन तें आरशांतल्यासारखें उलटें करून उजवीला लावावयाचें. पण येथेंही सावधगिरी हवी. दोन्ही भिंती एकाच आकृतीवरून बेतल्या असल्या तरी त्या माणसांनीं घाईच्या दिवसांत बनविलेल्या. एकीची गोलाई दुसरीहून जवळजवळ पाव इंच निराळी भरली. उजवीकडे दार, कारण त्या देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात आणि उतारूनें पदपथाकडे उतरावयाचें असतें. दारामुळें तिकडच्या पट्ट्यांची मांडणीही वेगळी. एका पोथीचा पाठ दुसरीवर आंधळेपणानें लादतां येत नाहीं तो असा.

आणि जेथें दोन्ही पोथ्या खराब? सुखटणकरांच्या आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ छापलेली असते. संपादक वाचकाला सांगतो कीं, येथें मी जें दिलें आहे तें मला सर्वांत संभवनीय वाटतें, पण माझी खात्री नाहीं. इतका प्रामाणिक ठसा छपाईच्या कलेंत दुसरा नसेल. मीं तीच रीत दादाच्या वहींत आणली. जें माप घट्ट लांकडावरून घेतलें त्याखालीं सरळ रेघ. जें अंदाजानें भरलें त्याखालीं नागमोडी. दादा अभियंता. त्याला ती कल्पना इतकी पटली कीं, तो माप सांगतांना शेवटीं 'सरळ' किंवा 'नागमोडी' असेंही सांगूं लागला. वही भरली तेव्हां एकंदर अकरा रेघा नागमोडी होत्या.

जमिनीचा प्रश्न अधिक बिकट. भिंती जमिनीच्या कडांना बाहेरून स्क्रूंनीं जखडलेल्या. तेव्हां जमीन काढली तर भिंती कशावर उभ्या राहणार, आणि भिंती काढल्या तर छत कशावर? आम्हीं ठरविलें तें असें. आंतून लांकडी टेकू लावून दोन्ही भिंती एकमेकींपासून नेमक्या अंतरावर बांधून टाकावयाच्या. मागची निम्मी जमीन कापून नवी घालावयाची; पुढची, स्वयंपाकाच्या ओट्याखालची, अजून खणखणीत होती, ती राहूं द्यावयाची; आणि जुन्या-नव्याचा सांधा आडव्या दांड्याच्या बरोबर माथ्यावर आणावयाचा. जमीन बसविण्यापूर्वीं लोखंडी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत कीं नाहींत हें पाहावयाचें, कारण खालचा आयत तिरका असेल तर वरचा एकही कोपरा गुण्याला लागणार नाहीं. मग डावी भिंत, मग उजवी, आणि शेवटीं छताचे सांधे. लुकण मात्र नवें, कायम लवचिक राहणाऱ्या ब्युटिलच्या पट्टीचें. हें शेवटचें काम नीट झालें नाहीं तर आधींचीं सारीं व्यर्थ.

जमीन मजबूत व्हावी म्हणून पाऊण इंची प्लायवूड घालावें असें मला वाटलें. दादानें वजन मांडून दाखविलें. जुनी जमीन पांच-अष्टमांश इंचाची; पाऊण इंची घातली तर चार बाय आठ फुटांच्या एका तक्त्यामागें आठ-दहा पौंड वाढतात. जमिनीवर उभ्या असलेल्या घराला दहा पौंडांचें सोयरसुतक नसतें. विंचवाच्या पाठीवर प्रत्येक पौंड चढतो. आणि नुसतें वजन किती एवढाच प्रश्न नसतो, तें कोठें हाही असतो. एकंदर भाराच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडदांड्यावर यावा लागतो. तो कमी पडला, म्हणजे मागचा भाग जड झाला, कीं ट्रेलर वेगांत शेपूट हलविल्यासारखा डोलूं लागतो आणि मोटारीलाही रस्ता सोडावयास लावतो. आम्ही नवें लांकूड घालणार तें नेमकें मागच्या निम्म्यांत. तेव्हां पांच-अष्टमांशच कायम झालें.

लांकडाच्या बाजारांतही मौजेच्या गोष्टी कळल्या. तेथें 'दोन बाय दोन' म्हणून मिळणारी पट्टी प्रत्यक्ष मोजली तर दीड बाय दीड इंच भरते, आणि याचें कोणालाही नवल वाटत नाहीं. कुजूं नये म्हणून तांब्याचे क्षार मुरविलेलें लांकूड मिळतें. तें पाहून मी हरखलों. पण तें अ‍ॅल्युमिनियमला लागून राहिलें तर ओल येतांच पत्र्यालाच खाऊं लागतें. भिंत टिकावी म्हणून घातलेलें औषध अंगरख्यालाच विष व्हावयाचें. म्हणून साधें, वाळलेलें, गांठी नसलेलें लांकूडच घ्यावयाचें ठरलें. काचलोकरीऐवजीं ओल न पिणाऱ्या हलक्या फोमचे तक्ते. या दोन गोष्टींपलीकडे आमची आधुनिकता गेली नाहीं.

येथवर सारें सुरळीत चाललें होतें. अडलें तें एका फळीपाशीं.

ओट्यावरच्या भिंतीला चहासाखरेचे डबे ठेवण्याची एक फळी होती. ती जमिनीपासून चोपन्न इंचांवर होती. पण तिच्या वर, बरोबर साठ इंचांवर, बुजविलेल्या भोकांची एक रांग दिसत होती. मीं विचारलें तेव्हां दादा म्हणाला, "ती कारखान्याची जागा. तुझ्या वहिनीचा हात पुरत नसे. शहाण्णव सालीं मी खालीं घेतली." वहिनींची उंची पांच फुटांहूनही कमी होती. दादा सहा फुटांच्या घरांतला. म्हणजे गेल्या दहा-अकरा प्रवासांत चहा करतांना तो त्या फळीशीं वांकत आला होता.

वहींत मीं ते दोन्ही आंकडे लिहिले आणि थांबलों. मूळ पाठ कोणता? कारखान्याचा म्हणावा तर वहिनींची फळी प्रक्षिप्त ठरते. वहिनींचा म्हणावा तर ज्याला आतां एकट्यानें चहा करावयाचा आहे त्यानें पुढेंही वांकतच राहावें काय? ही गोष्ट मागाहून ठरवूं म्हणून सोडून देण्याजोगीही नव्हती. आंतलें प्लायवूड आठांश इंचाचें. त्यांत स्क्रू धरत नाहीं. फळी जेथें यावयाची तेथें भिंतीच्या पोटांत आधींच एक आडवी पट्टी बसवावी लागते. एकदां पत्रा चढला कीं भिंतीचें पोट बंद. माणसाचीं मनें पुष्कळ गोष्टी वर्षानुवर्षें अनिश्चित ठेवूं शकतात. भिंतीला तें चालत नाहीं. तिला मिटण्यापूर्वीं उत्तर हवें असतें.

दादानें त्या दिवशीं वही मिटली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशींही तिला हात लावला नाहीं. मेपलखालीं खुर्ची टाकून तो बसे, आणि मी घरांत कांहींतरी वाचीत राहीं. अडतीस वर्षांच्या संसाराबद्दल तो माझ्याशीं कधीं बोलला नव्हता आणि त्या तीन दिवसांतही बोलला नाहीं. पुतण्याचा दूरध्वनि आला तेव्हां मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, बाबांना पैशांचा हिशेब नीट कळतो, त्याची काळजी करूं नकोस.

चौथ्या दिवशीं सकाळीं चहाचा पेला माझ्यापुढें ठेवून दादा म्हणाला, "दोन्ही जागीं पट्टी घालूं."

"आणि फळी?"

"फळी साठावर. मला वांकवत नाहीं आतां." मग थोड्या वेळानें तो म्हणाला, "चोपन्नची पट्टी मात्र लिही. सरळ रेघ घाल."

मीं लिहिलें. त्या पट्टीचें वजन अर्ध्या पौंडाच्याही आंत. जोडदांड्यावरच्या भाराला तिनें कांहीं फरक पडत नाहीं. तिच्यावर फळी येणार नाहीं, डबे येणार नाहींत, आणि भिंत मिटल्यावर ती कोणाच्या दृष्टीसही पडणार नाहीं. संशोधित महाभारतांतही मागाहून आलेले श्लोक टाकून दिलेले नाहींत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेविले आहेत. मुख्य पाठ वाचणाऱ्याची वाट त्यांनीं अडत नाहीं, आणि ज्याला ते हवे असतील त्याला ते कोठें आहेत हें ठाऊक असतें. जीर्णोद्धार करणाऱ्यापुढें खरा पेच नवें कीं जुनें हा नसतोच. जिवंत माणसाला ताठ उभें राहावयास जागा करून द्यावयाची, आणि तरीही जें होतें त्याची नोंद भिंतींतून पुसूं द्यावयाची नाहीं, हा असतो. दादानें तो दीड इंची पट्टीनें सोडविला.

मी परत आलों तेव्हां वहीचीं बावन्न पानें भरलीं होतीं आणि लांकूड अजून दुकानांतच होतें. ऑक्टोबरांत दादाचा मजकूर आला. थंडीपूर्वीं त्यानें एकट्यानें डाव्या बाजूचा पत्रा उतरविला होता. आंत, जेथें आम्हांला कांहींच सांपडणार नाहीं असें वाटत होतें, तेथें चाकाच्या कमानीचा एक वीतभर तुकडा धड निघाला, आणि त्यावरून चार मापें पक्कीं झालीं. त्यानें वहींतल्या त्या चार नागमोडी रेघा खोडून सरळ केल्या आहेत. अजून सात उरल्या आहेत.